बागकामाचा राडारोडा: काय जागेवर जिरवायचं, काय बाहेर पाठवायचं

बागेचं नवं काम काढलं की आराखडा होतो, रोपांची यादी होते, फरशीचा रंगही ठरतो. कचऱ्याचा विचार मात्र काम संपताना होतो. तोवर गवत, फांद्या, माती, विटांचे तुकडे, तारा आणि रोपांच्या काळ्या पिशव्या एकाच ढिगात गेलेल्या असतात. वेगवेगळ्या असताना यातल्या बहुतेक वस्तू उपयोगाच्या होत्या. पाल्याचं खत झालं असतं, फांद्यांचं आच्छादन, विटांचा पायवाटेखाली भराव. एकत्र झाल्यावर त्यातलं काहीच होत नाही, आणि तो ढीग उचलायला माणूसही जास्त पैसे मागतो. म्हणून या लेखातली बहुतेक मेहनत एकाच गोष्टीसाठी आहे: वस्तू जिथे कापली किंवा खणली, तिथेच तिची वाट ठरवायची. मागाहून निवडत बसणं कोणाच्याच हातून होत नाही.

आधी अंदाज, मग कोयता

काम सुरू होण्याआधी कागद-पेन घेऊन जागेवर एक फेरी मारा. काय काय निघणार आहे ते लिहा आणि प्रत्येकासमोर दोन आकडे टाका: किती जागा व्यापेल आणि किती वजन भरेल. हे दोन आकडे एकमेकांच्या मागून चालत नाहीत. ओल्या फांद्यांचा डोंगर गाडी भरून टाकतो, पण काटा फारसा हलत नाही. मातीचं नेमकं उलटं: गाडी अर्धीही दिसत नाही आणि चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसलेले असतात.

मातीच्या बाबतीत लोक हमखास फसतात, म्हणून तिचा हिशोब करून दाखवतो. समजा ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद जागेतलं जुनं लॉन मुळासकट १० सेंटिमीटर खोल काढायचं आहे. ५ × ४ × ०.१ म्हणजे २ घनमीटर. पण खणलेली माती फुगते. साधी माती पाव भागाने, चिकण माती त्याहून जास्त. म्हणजे गाडीत चढणार ती अडीच घनमीटर. जमिनीतल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या आसपास धरलं, तर तीन टन झाले, आणि पाऊस पडून गेला असेल तर त्याहून जास्त. एक टन वाहणाऱ्या छोट्या टेम्पोच्या या तीन खेपा झाल्या. अंगणाच्या एका कोपऱ्यातलं गवत काढायचं होतं, एवढंच!

काँक्रीट तर घनमीटरला २.४ टन. म्हणूनच भाड्याने मोठे कंटेनर देणारे लोक जड मालासाठी लहान कंटेनर देतात आणि मोठ्यात फक्त हलका माल भरू देतात. भाव वजनावर आहे की माल किती जागा व्यापतो त्यावर, हे आधी विचारा. वजनावर असेल तर माल वाळवून पाठवायचा, जागेवर असेल तर बारीक तुकडे करून.

ठेकेदाराकडून काम करून घेत असाल, तर ‘साफसफाईसह’ या एका शब्दावर समाधान मानू नका. कोणता माल जागेवर राहणार, कोणता जाणार, कुठे जाणार आणि वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्या. बऱ्याच ठिकाणी झाड तोडायला परवानगी लागते, उघड्यावर जाळायला बंदी असते, आणि हिरवा कचरा उचलणारी गाडी ठरावीक लांबीच्या मोळ्याच घेते. आपल्या भागातले हे नियम फेरी मारतानाच विचारून ठेवा.

ढिगांच्या जागा

माझ्या मते सहा ढीग पुरतात: हिरवा मऊ पाला, सुक्या पानांचा पाचोळा, फांद्या, माती, दगड-विटा-काँक्रीट, आणि ‘इतर’. इतर म्हणजे प्लास्टिक, तार, रंगवलेलं लाकूड, डबे. त्रासदायक तण आणि रोगट झाडं ढिगात टाकायचीच नाहीत. ती थेट झाकणाच्या पिंपात किंवा तोंड बांधलेल्या गोणीत.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहा. ठेवायच्या झाडांच्या घेराखाली मातीचा किंवा दगडाचा ढीग नको, कारण वजनाने माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही. पाण्याच्या वाटेत किंवा गटाराच्या जाळीजवळ काहीही नको. आणि जो माल आधी जाणार तो फाटकाजवळ, शेवटी जाणारा आत. हे उलटं झालं की सगळा माल दोनदा उचलावा लागतो. प्रत्येक ढिगाखाली ताडपत्री घाला. शेवटचं दंताळं मारायचे कष्ट वाचतात आणि फांद्यांचा ढीग असेल तर ताडपत्रीसकट ओढत नेता येतो.

फांद्यांचा ढीग काही दिवस पडून राहिला तर साप, विंचू, सरडे, पक्षी त्यात घर करतात. नंतर हात घालण्याआधी लांब काठीने वरचा थर हलवा, वरून खाली उचलत जा. चिपरमध्ये, म्हणजे चुरा करणाऱ्या यंत्रात, टाकायच्या फांद्या शक्यतो त्याच दिवशी उरकाव्यात.

गवत: नेऊच नका

लॉनची कापणी पिशव्या भरून बाहेर पाठवणं हे बागकामातलं सगळ्यात निरर्थक काम आहे. कापलेल्या गवतात ८० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते जागेवर पडू दिलं तर थोड्याच दिवसांत जिरतं, आणि लॉनला वर्षभरात लागणाऱ्या नत्रापैकी (नायट्रोजनपैकी) साधारण पाव हिस्सा परत मिळतो. अटी दोनच: एका कापणीत पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नका आणि गवत कोरडं असताना कापा. अशी कापणी टाकल्याने लॉनखाली मुळा-काड्यांचा जाड थर साचतो हा समज खरा नाही. तो थर प्रामुख्याने गवताच्या चिवट खोडांचा आणि मुळांचा असतो.

काम सुरू असताना गुडघाभर वाढलेलं गवत निघालं तर ते मात्र उचलावं लागतं. ओल्या गवताचा जाड ढीग दोन दिवसांत चिकट होऊन आंबतो आणि घाण वास सोडतो. म्हणून ते कंपोस्टात सुक्या पानांबरोबर मिसळा किंवा वाफ्यांवर दोन-तीन सेंटिमीटरचा पातळ थर द्या.

शेजारच्या जनावरांना घालतो, असं कोणी म्हणालं तर थांबवा. साठून तापलेली कापणी घोड्यांना पोटदुखी आणते. आणि बागेतल्या छाटणीत कण्हेरीची चार पानं मिसळली असली तरी गुरांच्या जिवावर बेततं.

पाला आणि पाचोळा: कंपोस्ट नीट लावायचं तर

कंपोस्टाबद्दल भरपूर लिहिलं जातं आणि तरी बहुतेक ढीग एकतर कुजून वास मारतात, नाहीतर वर्षभर जसेच्या तसे पडून राहतात. दोन्हींचं कारण कर्ब (कार्बन) आणि नत्राचं बिघडलेलं प्रमाण. सूक्ष्मजीवांना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे २५ ते ३० भाग लागतात. ताज्या गवतात हे प्रमाण १५-२० च्या आसपास असतं, म्हणजे नत्र जास्त. सुक्या पानांत झाडानुसार ४० ते ८०, आणि लाकडाच्या भुश्शात कित्येक शेकडे. आकडेमोड करत बसायची गरज नाही. घमेल्याने मोजा: एक घमेलं हिरवं, दोन ते तीन घमेली सुकं. वास आला तर सुकं वाढवा, ढीग थंड पडला तर हिरवं.

बागकामात अडचण अशी की एकाच दिवशी ढीगभर हिरवं निघतं आणि सुकं मिळत नाही. म्हणून पानगळीच्या दिवसांत पाचोळा गोणीत भरून कोरड्या जागी ठेवावा. तो नसेल तर बारीक केलेल्या काटक्या किंवा फाडलेले साधे पुठ्ठे चालतात, त्यांवरची चिकटपट्टी मात्र काढून टाकायची.

ढीग लांबी, रुंदी, उंची सगळीकडून किमान एक मीटर हवा. त्याहून लहान ढीग आतली उष्णता धरून ठेवत नाही. तळाला बोटभर जाडीच्या काटक्यांचा थर घाला, म्हणजे खालून हवा शिरते. मग हिरवं-सुकं मिसळून रचा, प्रत्येक थरावर पाणी शिंपडा. ओलावा बरोबर आहे का, हे मुठीने कळतं: मूठभर माल घट्ट पिळला की एक-दोन थेंब यावेत, धार येऊ नये.

माल आणि ओलावा जमला तर दोन-चार दिवसांत ढीग आतून तापतो. ५५ अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं तापमान बहुतेक रोगजंतू आणि तणांच्या बिया मारतं, पण ढिगाच्या बाहेरच्या कडा थंडच राहतात. म्हणून उलटापालट करायची. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सांडपाण्याच्या गाळासाठी १९९३ साली केलेल्या नियमात लांब ढिगांना १५ दिवस ५५ अंश आणि त्या काळात पाच वेळा उलटापालट अशी अट आहे. घरच्या ढिगाला हा कायदा लागू नाही, पण तणांच्या बियांची भीती असेल तर मापदंड म्हणून चांगला आहे. धातूच्या लांब दांड्याचा थर्मामीटर मिळतो, तो घ्याच. तापमान ६५ च्या पुढे जायला लागलं की ढीग उलटा, कारण ७० च्या वर कामाचे जीवही मरतात.

उलटापालट करायचा कंटाळा असेल तर फक्त पाचोळ्याचा वेगळा ढीग करा, जाळीचं गोल कुंपण घाला, ओला ठेवा आणि विसरून जा. हे काम बुरशी करते, उष्णता लागत नाही. वर्ष-दोन वर्षांनी मऊ, काळी पानमाती मिळते. चामड्यासारखी जाड पानं असतील तर आधी त्यांवरून गवत कापायचं यंत्र फिरवून तुकडे करा.

एक सावधगिरी. लॉनवर रुंद पानांचं तण मारणारं औषध फवारलं असेल, तर त्यात क्लोपायरॅलिड किंवा अमिनोपायरॅलिड आहे का ते लेबलवर पाहा. ही रसायनं गरम कंपोस्टातही लवकर मोडत नाहीत आणि अगदी कमी प्रमाणातसुद्धा टोमॅटो, शेंगवर्गीय भाज्या वाकड्या करतात. शंका असेल तर तयार खत मातीत मिसळून तीन कुंड्यांत घेवडा लावा, शेजारी साध्या मातीच्या तीन कुंड्या ठेवा. दोन-तीन आठवड्यांत खताच्या कुंड्यांमधली कोवळी पानं वाटीसारखी वळली, तर ते खत भाज्यांना घालू नका. लॉनवर पसरता येतं.

फांद्या

फांद्यांचा ढीग म्हणजे बहुतांशी हवा. त्या चिपरमधून काढल्या तर आकारमान पाचव्या ते दहाव्या हिश्शावर येतं, आणि जो माल न्यायला पैसे मोजले असते तोच आच्छादन म्हणून बागेत पसरता येतो. भाड्याने यंत्र आणण्याआधी फांद्यांच्या जाडीप्रमाणे वाटण्या करा. बोटाएवढ्या काटक्या, मनगटाएवढ्या फांद्या, आणि त्याहून जाड ओंडके. यंत्र मधल्या वाटणीसाठी घ्यायचं. ओंडक्यांसाठी मोठं यंत्र आणणं क्वचितच परवडतं.

चिपर चालवताना मऊपणा उपयोगाचा नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. सैल बाह्या, गळ्यातला गमछा, लोंबणारे मोठे हातमोजे नकोत. डोळ्यांना चष्मा, कानांना आवाजरोधक हवेत. फांदीचा जाड बुडखा आधी आत घाला, बाजूला उभे राहा, आणि यंत्राने पकडताच सोडून द्या. अडकलेला माल हाताने किंवा पायाने कधीच ढकलायचा नाही. दुसऱ्या फांदीने ढकला, नाहीतर यंत्र बंद करून, पातं पूर्ण थांबल्यावर काढा. मुळाला चिकटलेला दगड किंवा खोडात रुतलेली तार आत गेली की पात्याची वाट लागते, आणि तुकडा बाहेर उडतो तो वेगळाच.

लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन ५ ते १० सेंटिमीटर जाड द्या. खोडापासून १०-१५ सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. खोडाला टेकवून शंकूसारखा ढीग लावायची पद्धत दिसायला नीटनेटकी असली तरी साल कुजवते. ताजा चुरा जमिनीतला नत्र ओढून घेतो ही भीती वरवर पसरण्याच्या बाबतीत फारशी खरी नाही. तो परिणाम चुरा आणि माती यांच्या सीमेवरच्या पातळ थरापुरता असतो. चुरा मातीत कालवला तर मात्र नत्राची टंचाई खरोखर होते, तेव्हा कालवू नका. ताज्या चुऱ्याचा मोठा ढीग आतून तापतो आणि फार उंच रचला तर पेटूही शकतो. ढीग लहान ठेवा, लाकडी भिंतीपासून लांब, आणि लवकर पसरून टाका.

यंत्र नसेल तरी दोन चांगले मार्ग आहेत. एक, काटक्यांचं कुंपण: खुंटांच्या दोन समांतर रांगा ठोकायच्या, मध्ये अर्धा-पाऊण मीटर जागा, आणि त्यात फांद्या आडव्या दाबून भरत जायच्या. खालचा माल कुजून बसतो, वर नवी छाटणी मावते. पक्षी आणि कीटक खूश असतात. दुसरा, ओंडके गाडलेला वाफा. जर्मन भाषेत याला ह्युगेलकल्टुर म्हणतात. उथळ चरात ओंडके, त्यावर फांद्या, मग पाला, उलटा टाकलेला गवताचा थर आणि सगळ्यावर माती. कुजणारं लाकूड पाणी धरून ठेवतं. वाफा दरवर्षी थोडा खचतो हे लक्षात ठेवून वर फळझाडासारखं कायमचं काही लावू नका. पटकन फुटवे धरणाऱ्या झाडांचे ओंडके गाडण्याआधी पूर्ण वाळवा.

जळणाचं लाकूड म्हणून ओंडके दूरच्या ओळखीच्यांना द्यायची हौस आवरा. लाकडातून कीड प्रवास करते. ॲश झाडांचा कर्दनकाळ ठरलेला एमरल्ड ॲश बोरर हा भुंगा अमेरिकेत २००२ साली मिशिगनमध्ये सापडला, आणि पुढे तो पसरण्यात सरपणाच्या वाहतुकीचा मोठा हात होता. आंतरराष्ट्रीय व्यापारात लाकडी खोकी गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवतात ती याच कारणाने. तेव्हा लाकूड जवळपासच वापरलं जावं.

बुंधे आणि मुळं

बुंधा उपटून काढायचा अट्टहास बहुतेक वेळा अनावश्यक असतो. तिथे पाया किंवा फरशी येणार नसेल, तर जमिनीलगत कापा आणि कुजू द्या. फुटवे आले की लगेच मोडत राहा. काढायचाच असेल तर बुंधा दळणारं यंत्र जमिनीखाली १५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत भुगा करतं. त्याआधी वीज, पाणी, गॅस यांच्या वाहिन्या कुठून गेल्यात ते तपासा. भुगा खड्ड्यात परत भरू नका. तो खचतो आणि तिथे लावलेलं झाड उपाशी राहतं. भुगा बाहेर काढून आच्छादनात वापरा, खड्डा मातीने भरा.

पिंपातला माल: तण, रोगट आणि विषारी झाडं

इथे घाई करू नका. बाकीचा कचरा चुकीच्या ठिकाणी गेला तर खर्च वाढतो. हा गेला तर पुढची काही वर्षं तेच तण खुरपत बसावं लागतं.

तण कशाने पसरतं त्यावर त्याची विल्हेवाट ठरते. बियांनी पसरणारं असेल तर फुलोऱ्याआधी उपटा. तसं केलं तर ते साध्या हिरव्या पाल्यासारखं कंपोस्टात चालतं. गाजरगवत यातलंच. मोठ्या झाडाला हजारोंनी बिया धरतात, तेव्हा फुलं आलेलं असेल तर झटकू नका, जागेवरच गोणीत भरा. त्याने त्वचेला खाज, पुरळ आणि काहींना दम्याचा त्रास होतो. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क हवाच.

मुळांच्या तुकड्यांनी, गाठींनी पसरणारं तण जास्त हट्टी. हरळी आणि लव्हाळा कंपोस्टात टाकणं म्हणजे त्यांची रोपवाटिका लावणं. हरळी फरशीवर पातळ पसरून कडक उन्हात खडखडीत वाळवा, मगच ढिगात घाला. लव्हाळ्याच्या गाठी झाकणाच्या पिंपात पाण्याखाली पूर्ण बुडवून महिना-दीड महिना सडवा. वास भयंकर येतो, पण काम होतं, आणि वरचं पाणी दहापट पातळ करून झाडांना घालता येतं. ऊन कडक असेल तर पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवणं हाही मार्ग आहे.

काही तणांच्या बाबतीत कायदाच आड येतो. जपानी नॉटवीडचा ग्रॅमभर वजनाचा मुळाचा तुकडाही पुन्हा फुटू शकतो. म्हणून ब्रिटनमध्ये १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली हे तण आणि त्याची मुळं असलेली माती नियंत्रित कचरा धरली जाते आणि परवानाधारक जागीच न्यावी लागते. तुमच्या भागात कोणतं तण अशा यादीत आहे ते कृषी किंवा वनखात्याकडे विचारा.

रोगट पानं गरम कंपोस्टात जाऊ शकतात, ढीग खरोखर ५५ अंश गाठत असेल तर. मूळकूज झालेली मुळं, जिवाणूजन्य मर झालेली झाडं आणि विषाणू लागलेली रोपं घरच्या ढिगात नकोत. त्या झाडांचा चुरा त्याच जातीच्या झाडाखाली तर अजिबात पसरू नका. ताडवर्गीय झाडाला लाल सोंड्या भुंग्याने पोखरलं असेल तर खोड तोडून पडून ठेवणं धोक्याचं, कारण आतल्या अळ्यांचे भुंगे होऊन शेजारच्या झाडांवर जातात. ते खोड त्याच दिवशी बारीक करा किंवा खोल गाडा.

कण्हेर जाळू नका, तिचा धूरही विषारी असतो. थोर-शेरासारखी चिकाची झाडं कापताना डोळ्यांवर चष्मा हवा. तो चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

माती, लॉनचे पट्टे, दगड

वरची २०-३० सेंटिमीटर सुपीक माती आणि खालची फिकट, निर्जीव माती वेगळी ठेवा. वरची माती बाहेर पाठवून पुढच्याच आठवड्यात तशीच माती विकत आणणारे लोक असतात. ओली असताना ती खणू, तुडवू नका. गवतासकट निघालेले पट्टे गवताची बाजू खाली करून रचा, काळ्या प्लास्टिकने झाका. सहा महिने ते वर्षभरात त्यांची उत्तम कुंड्यांची माती होते. हरळीचं लॉन असेल तर झाकण एका वर्षाआधी उघडू नका.

उरलेली माती झाडांच्या बुंध्याभोवती पसरायचा मोह होतो. करू नका. जुन्या झाडाच्या मुळांवर वीतभर मातीचा थर चढला तरी ती हळूहळू गुदमरतात, आणि झाड दोन-तीन वर्षांनी वाळतं तेव्हा कारण कोणाच्या लक्षात येत नाही. मातीला तेलाचा वास असेल किंवा तिथे पूर्वी वर्कशॉप असेल, तर तपासणी केल्याशिवाय ती कोणाला देऊ नका.

विटा, दगड, काँक्रीट मुठीएवढं फोडून पायवाटेखाली किंवा बसण्याच्या ओट्याखाली भराव म्हणून दाबा. सगळं बाहेर नेण्याआधी आराखड्यात अशी जागा शोधा, बहुतेक वेळा सापडते. सिमेंटची हत्यारं धुतलेलं पाणी फार क्षारीय असतं, त्याचा सामू १२ च्या वर जातो. ते गटारात किंवा वाफ्यात ओतू नका. खड्ड्यातल्या प्लास्टिकवर सुकू द्या आणि घट्ट झाल्यावर तुकडे राडारोड्यात टाका.

जुन्या शेडचे राखाडी नालीदार पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडू, कापू, ओढू नका. हे काम प्रशिक्षित लोकांचंच.

‘इतर’चा ढीग

हिरवट झाक असलेलं जुनं लाकूड तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या मिश्रणात मुरवलेलं असू शकतं. अमेरिकेत घरगुती वापरासाठी अशा लाकडाचं उत्पादन २००३ च्या अखेरीस थांबलं, पण जुने खांब, मांडव, कठडे अजून निघतात. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर क्रिओसोट या डांबरी तेलात भिजवलेले असतात. या दोन्हींचा चुरा करू नका, जाळूही नका. जाळल्यावर आर्सेनिक धुरात जातं आणि राखेत साठतं.

काळ्या कुंड्या प्लास्टिकच्या असल्या तरी पुनर्वापराला सहज जात नाहीत. त्यांतला काजळीचा रंग इन्फ्रारेड किरण शोषतो, त्यामुळे कचरा निवडणाऱ्या यंत्राला त्या दिसतच नाहीत. रोपवाटिकेला धुऊन परत द्या, त्या आनंदाने घेतात. औषधाच्या रिकाम्या बाटल्या तीनदा विसळा, विसळलेलं पाणी फवारणीच्या पंपातच घाला, मग बाटलीला भोक पाडा. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांच्या लिथियम बॅटऱ्या कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या की आग लागते, त्या वेगळ्या जमा करा.

जाळणं आणि फेकणं

हिरवा पाला नीट जळत नाही, धुमसतो. त्या धुरात फुफ्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. कायदा परवानगी देत असला तरी मी काडी लावणार नाही. नाल्यात किंवा ओढ्याकाठी टाकलेला पाला पाण्यात कुजतो, विरघळलेला ऑक्सिजन संपवतो, पुढे कुठेतरी जाळी तुंबवतो. कचरा डेपोत दाबला गेलेला पालाही निरुपद्रवी नसतो. हवेशिवाय कुजताना मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात त्याची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असते.

गाडी भरताना

आतापर्यंत नीट काम झालं असेल तर जायचा माल थोडाच उरतो. तो भरताना एका गाडीत एकच प्रकार. हिरव्या कचऱ्याच्या केंद्रावर प्लास्टिक दिसलं तर सगळी गाडी परत फिरवू शकतात. फांद्यांचे बुडखे एका दिशेला ठेवून थर लावा, आडव्यातिडव्या फांद्या कापा, थरावर उभं राहून दाबा. मोळ्या साधारण १.२ मीटर लांबीच्या आणि सुतळीने बांधलेल्या. नायलॉनची दोरी यंत्रात गुंडाळते. मातीची गोणी तिसरा हिस्साच भरा, नाहीतर उचलणाऱ्याची पाठ जाते. जड माल चाकांच्या आसाच्या आसपास, तळाला. वर जाळी किंवा ताडपत्री घट्ट बांधा.

माल कुठे उतरणार ते गाडीवाल्याला विचारा आणि काट्याची किंवा केंद्राची पावती मागा. रस्त्याकडेला तुमच्या बागेतला ढीग सापडला, तर अनेक ठिकाणी दंड मालकालाही होतो. स्वस्तात उचलतो म्हणणारा आणि पावती नाही म्हणणारा माणूस बहुधा एकच असतो.

शेवटची फेरी

सगळं गेल्यावर गटारांच्या जाळ्या मोकळ्या करा. तारा आणि खिळे निघालेल्या जागेवर दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक फिरवा; दंताळ्याला न सापडणारे खिळे त्याला सापडतात. जिथे ढीग होते तिथली माती दबलेली असते, ती बागकामाच्या दातेरी काट्याने सैल करून पाणी द्या. कोरडं कंपोस्ट हलवताना मास्क लावा आणि आधी थोडं भिजवा, कारण त्याच्या धुळीतून बुरशीचे बीजाणू आणि लिजिओनेलासारखे जिवाणू श्वासात जाऊ शकतात. पुढचे दोन-तीन महिने ढिगांच्या जागांवर लक्ष ठेवा. तण पहिल्यांदा तिथेच उगवतं, आणि दोन पानांवर असताना ते बोटांनी निघतं.